रोमन नागरिकत्व

प्राचीन रोमच्या राज्यव्यवस्थेत स्वतंत्र व्यक्तीला लाभणारा विधिमान्य दर्जा आणि त्याच्याशी निगडित असलेल्या हक्ककर्तव्यांचा समुच्चय. हा दर्जा केवळ जन्मावर अवलंबून नव्हता. तो परक्यांनाही देता येत असे. ग्रीक नगरराज्यांहून रोमचे वेगळेपण मुख्यत्वे यातच आढळते. अथेन्समध्ये पेरिक्लीझच्या इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने माता व पिता दोघेही अथेनियन असलेल्यांपुरतेच नागरिकत्व मर्यादित केले. उलट रोममध्ये नागरिकाने विधिपूर्वक मुक्त केलेला गुलामही नागरिक होत असे. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने लारिसा नगराला धाडलेल्या पत्रात रोमनांच्या या प्रथेची प्रशंसा केली आहे. तथापि नागरिकत्वाची कक्षा जसजशी रुंदावत गेली, तसतसा त्यातील राजकीय आशय क्षीण होत गेला.

प्रजासत्ताकाच्या काळात नागरिकाला लोकसभांतून मतदान, अधिकारपदासाठी उमेदवारी, विधिसंमत विवाह (कोनूबियम) व रोमन कायद्यानुसार मालमत्तेचे व्यवहार (कॉमेर्कियम) हे हक्क असत. अधिकाऱ्याने दिलेल्या देहदंडाविरुद्ध त्याला जनतेकडे दाद मागता येई. याच्या मोबदल्यात लष्करी सेवा व करभार त्याच्याकडे येई. मॅसिडोनियावरील विजयानंतर इ. स. पू. १६७ पासून इटलीतील नागरिकांवरील प्रत्यक्ष कराची आकारणी थांबली आणि या दर्जाचे आर्थिक मोल एकदम वाढले. स्त्रिया नागरिक असल्या, तरी त्यांना मताधिकार नव्हता. मुक्त गुलामांची नोंद सामान्यतः पस्तीसपैकी चार नागरी गणांतच होत असल्याने त्यांच्या मताला फारसे वजन नसे. त्यांच्या मुलांवर मात्र हे बंधन नव्हते. कवी हॉरिस हा अशाच एका मुक्त गुलामाचा मुलगा होय.

लॅटिन संघाचा पराभव केल्यानंतर इ. स. पू. ३३८ मध्ये रोमने जितांची सरसकट एकच व्यवस्था लावली नाही. काही नगरांना पूर्ण नागरिकत्व, तर काहींना मताधिकाराविना नागरिकत्व मिळाले. उरलेली नगरे तहाने बांधलेले मित्र म्हणून राहिली. आर्पीनम या नगराला इ. स. पू. ३०३ मध्ये मताधिकाराविना व १८८ मध्ये पूर्ण नागरिकत्व मिळाले. पुढे मेरियस व सिसरो हे रोमचे दोन कॉन्सल याच नगरातून आले.

इटलीतील मित्रांचा प्रश्न इ. स. पू. दुसऱ्या शतकात चिघळला. रोमच्या सैन्यात निम्मे वा त्याहून अधिक सैनिक या मित्रांचे असत. परंतु युद्धाचा निर्णय, जिंकलेली भूमी आणि कायद्याचे संरक्षण यांत त्यांना समान वाटा नव्हता. टायबीरिअस ग्रॅकसच्या इ. स. पू. १३३ च्या भूमिसुधारणेने त्यांच्या ताब्यातील सार्वजनिक जमिनींनाही धोका निर्माण झाला. फल्व्हिअस फ्लॅकसने इ. स. पू. १२५ मध्ये मांडलेला नागरिकत्वाचा प्रस्ताव फसला. त्याच वर्षी बंड करून उठलेली फ्रेजेली ही लॅटिन वसाहत रोमने उद्ध्वस्त केली. गायस ग्रॅकसने इ. स. पू. १२२ मध्ये हीच मागणी पुढे रेटली, तेव्हा कॉन्सल फॅनिअस याने सभांत आणि खेळांच्या उत्सवांत मग आपल्याला जागा उरणार नाही, अशी भीती रोममधील जमावाला घातली. सामान्य मतदारावर तिचा परिणाम झाला. वंचितांना वाटा देण्यास केवळ सिनेटमधील धनिकच विरोधी होते, असे म्हणता येत नाही.

लिव्हिअस ड्रूससच्या हत्येनंतर (इ. स. पू. ९१) मार्सी, सॅमनाइट इ. जमातींनी उठाव केला. हेच मित्रसंघ युद्ध (इ. स. पू. ९१–८७) होय. बंडखोरांनी कॉर्फिनियम या राजधानीला ‘इटालिका’ हे नाव दिले आणि स्वतंत्र नाणी पाडली. त्यांपैकी काहींवर इटलीचा बैल रोमच्या लांडगिणीला तुडवीत असल्याचे चित्र आहे. युद्धात रोमची सरशी होत गेली, परंतु इ. स. पू. ९० व ८९ च्या कायद्यांनी मित्रांची मूळ मागणी तिला मान्य करावी लागली. प्रारंभी या नव्या नागरिकांना मोजक्याच गणांत कोंबण्यात आले. सर्व गणांत त्यांची विभागणी व्हावी म्हणून आणखी रक्तपात झाला. इ. स. पू. ११५ च्या गणतीत सु. ३,९४,००० नागरिक नोंदले गेले होते, इ. स. पू. ७० मध्ये ही संख्या सु. ९,१०,००० झाली. मतदान मात्र प्रत्यक्ष रोममध्ये येऊनच करावे लागे. त्यामुळे दूरच्या शेतकऱ्याचा मताधिकार बहुधा नावापुरताच राहिला.

साम्राज्यकाळात ही विसंगती संपली, पण ती मताधिकारच निरर्थक ठरल्याने. टायबीरिअस सम्राटाने इ. स. १४ मध्ये अधिकाऱ्यांची निवडणूक लोकसभांकडून सिनेटकडे नेली. नागरिकत्व आता मुख्यतः संरक्षण व प्रतिष्ठा देई. जेरूसलेममध्ये अटक झालेल्या सेंट पॉलने आपण जन्माने रोमन नागरिक असल्याचे सांगून फटक्यांची शिक्षा टाळल्याचा आणि पुढे सम्राटाकडे दाद मागितल्याचा वृत्तांत बायबलच्या नव्या करारात आहे. साहाय्यक सैन्यात पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्या परप्रांतीयाला नागरिकत्व मिळे व त्याची नोंद काशाच्या जोडपत्र्यावर करून दिली जाई. असे अनेक पत्रे उत्खननांत सापडले आहेत. क्लॉडिअस सम्राटाने (कार. ४१–५४) इ. स. ४८ मध्ये गॉलमधील सरदारांना सिनेटचे सभासदत्व देण्यासाठी केलेले भाषण लीआँ येथे १५२८ मध्ये मिळालेल्या काशाच्या फलकावर अंशतः उपलब्ध आहे. टॅसिटसने ते आपल्या शैलीत अधिक रेखीव करून दिले आहे; मूळ भाषण पाल्हाळिक असले, तरी प्रारंभीच्या परकीय राजांपासून रोम बाहेरच्यांना सामावून घेत आले, हा त्यातील युक्तिवाद भक्कम आहे. स्पेनमध्ये जन्मलेला ट्रेजन व आफ्रिकेत जन्मलेला सेप्टिमिअस सिव्हीरस यांनी पुढे साम्राज्यपद भूषविले.

कॅराकॅला सम्राटाने (कार. २११–१७) इ. स. २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व बहाल केले. वारसाकर नागरिकांनाच लागू असल्याने उत्पन्न वाढविणे हा त्याचा खरा हेतू होता, असे समकालीन इतिहासकार डीओ कॅशिअस म्हणतो. या सम्राटाने त्या कराचा दर ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला होता. तथापि डीओ हा त्याचा कट्टर टीकाकार असल्याने त्याचे म्हणणे संपूर्णतः स्वीकारता येत नाही; ईजिप्तमधील एका पपायरसवर या आदेशाचे जे त्रुटित अवशेष मानले जातात, त्यांत देवांविषयीच्या कृतज्ञतेचे कारण दिलेले आहे. आदेशानंतर असंख्य प्रांतीयांनी सम्राटाचे ‘ऑरीलिअस’ हे कुलनाम धारण केले. परंतु दरम्यान न्यायालयांत प्रतिष्ठित (होनेस्तिओरेस) व हीन (हुमिलिओरेस) असा नवा भेद रूढ झाला होता. नागरिक असूनही हीन वर्गातील मनुष्याला फटके मारणे, खाणीत धाडणे वा श्वापदांपुढे टाकणे विधिसंमत ठरले. पूर्वी ज्या शिक्षांपासून नागरिकत्व संरक्षण देई, त्याच आता गरीब नागरिकाच्या वाट्याला आल्या. पश्चिम साम्राज्य लयास गेल्यानंतरही पूर्वेकडील ग्रीकभाषिक प्रजा, १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव होईपर्यंत व त्यानंतरही, स्वतःला ‘रोमन’च म्हणवीत असे.