आभासी यंत्राची दोन घराणी

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमधला रोबो बॅटरी आणि बंपर धरून साठ किलोंच्या पुढे जाऊ शकतो, आणि तो चालवतात शाळकरी मुलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये 1992 साली सुरू झालेली ही स्पर्धा. मुंबईचे संघही त्यात उतरले आहेत. मैदानाच्या कडेला संघाचा लॅपटॉप असतो आणि त्यावर ‘ड्रायव्हर स्टेशन’ नावाचा प्रोग्राम. जॉयस्टिक किती झुकली हे तो दर 20 मिलिसेकंदांनी रोबोला कळवत राहतो. एंटर दाबलं की रोबो जागच्या जागी थांबतो. स्पेसबार दाबला तर आणीबाणीचा थांबा लागतो, मग कंट्रोलर पुन्हा सुरू केल्याशिवाय रोबो हलत नाही. एवढी जबाबदारी ज्याच्यावर, तो प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो.

मग ज्या संघाकडे मॅक आहे त्याने काय करायचं? मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर होते तोवर त्यांच्यावर सरळ विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 चिपचे मॅक आले. त्यांचा प्रोसेसर एआरएम जातीचा, त्यामुळे ती वाट बंद झाली. आता मार्ग उरला तो असा: मॅकवर पॅरलल्ससारखा प्रोग्राम घालायचा, त्याने उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एआरएमसाठीचं विंडोज 11 बसवायचं आणि त्या विंडोजवर ड्रायव्हर स्टेशन उघडायचं. पाहणाऱ्याला ही एकच करामत वाटते. प्रत्यक्षात इथे दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक झालेली आहे, आणि दोन्ही घराणी आयबीएमच्या सिस्टिम/360 या एकाच संगणक-मालिकेच्या आसपास, 1964 च्या सुमारास उभी राहिली.

पहिलं घराणं व्हर्च्युअल मशीनचं. एमआयटीने आपल्या मोठ्या टाइम-शेअरिंग प्रकल्पासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं. तो प्रकल्प ज्या इमारतीत होता, तिथेच आयबीएमचं केंब्रिज सायंटिफिक सेंटरही होतं. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी 1964 च्या अखेरीस सीपी-40 या नियंत्रक प्रोग्रामचं काम हाती घेतलं. एक संगणक अनेकांत वाटायचा कसा, हा तेव्हाचा कळीचा प्रश्न. बाकीचे लोक संगणकाचा वेळ वाटत होते. या दोघांनी प्रत्येकाला अख्खा संगणकच देऊ केला. सुधारून घेतलेल्या एका मॉडेल 40 वर अशी 14 यंत्रं भासवता येत, प्रत्येकाची स्वतःची 256 के मेमरी.

हे जमलं कसं, ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. साध्या बेरीज-वजाबाकीच्या सूचना खरा प्रोसेसर थेट पार पाडी, मध्ये कोणी पडत नसे. पण डिस्क, छपाईयंत्र किंवा खुद्द प्रोसेसरच्या अवस्थेला हात घालणारी सूचना आली की हार्डवेअर ती अडवून सीपीच्या हवाली करी. सीपी त्या यंत्रापुरतं उत्तर तयार करून देई, आणि आतल्या सिस्टिमला काही झाल्याचा पत्ताही लागत नसे. पुढे 1974 मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी हीच गोष्ट नेमक्या अटींत मांडली: नाजूक सूचना एकूण एक अडवता आल्या पाहिजेत. इंटेलचा प्रोसेसर या कसोटीत बसत नव्हता, कारण त्याच्या काही सूचना गुपचूप निसटून जात. 1999 मध्ये व्हीएमवेअरने अशा जागा चालता चालता बदलून तोड काढली. 2005 पासून इंटेलने खास सोयच प्रोसेसरमध्ये दिली, आणि एआरएमनेही पुढे तीच वाट धरली. म्हणूनच आजच्या मॅकमधलं एआरएम विंडोज इतकं झपाट्याने चालतं.

पण ते चालतं एआरएमच्या भाषेत, आणि ड्रायव्हर स्टेशन लिहिलेलं आहे इंटेलच्या भाषेत. इथे दुसरं घराणं पुढे येतं, भाषांतराचं. आयबीएमचा 1401 हा लहान संगणक ठिकठिकाणच्या कंपन्यांत होता. डिसेंबर 1963 मध्ये हनीवेलने आपला 200 हा संगणक जाहीर केला आणि 1401 चे प्रोग्राम त्यावर उतरवून घेण्याचं साधनही सोबत दिलं. त्याचं नाव लिबरेटर. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून आयबीएमने 360 च्या लहान मॉडेलांना 1401 ची नक्कल करायला शिकवलं. लोक यंत्र बदलायला तयार असतात, हाताखालचे प्रोग्राम सोडायला नसतात. या घराण्याचा सगळा चरितार्थ त्या एका हट्टावर चालत आला आहे. 1996 मध्ये डेक कंपनीच्या एफएक्स!32 ने इंटेलचे विंडोज प्रोग्राम अल्फा प्रोसेसरवर आणले, 2006 मध्ये ॲपलचं रोझेटा आलं, आणि विंडोज 11 मध्ये 64-बिट इंटेल प्रोग्रामांचं भाषांतर एआरएमवर होऊ लागलं. फेब्रुवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्समधल्या या वापराला अधिकृत मान्यताही दिली.

मला यातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. ड्रायव्हर स्टेशन नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या ऑस्टिनच्या कंपनीचं, तिच्याच लॅबव्ह्यूमध्ये घडवलेलं. ते लॅबव्ह्यू 1986 मध्ये पहिल्यांदा निघालं मॅकिंटॉशसाठी! रोबोवर 2015 पासून बसणारा त्याच कंपनीचा रोबोरिओ कंट्रोलर एआरएम कॉर्टेक्स-ए9 वर चालतो. म्हणजे रोबो एआरएमचा, लॅपटॉप एआरएमचा, आणि दोघांचं बोलणं मात्र इंटेलच्या दुभाष्यामार्फत.

दुभाष्याला दोन ठिकाणी अडतं. पहिलं नेटवर्क. संघाचा क्रमांक 1234 असेल तर रोबोचा पत्ता 10.12.34.2. व्हर्च्युअल मशीन मॅकच्या आडोशाला ‘शेअर्ड’ नेटवर्कवर ठेवलं तर रोबोचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. ते ‘ब्रिज्ड’ करावं लागतं, म्हणजे रोबोच्या रेडिओकडून त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. ही अडचण सेटिंग बदललं की सुटते.

दुसरी तशी सुटत नाही. रोबोरिओत नवी सिस्टिम भरायची तर यूएसबीची तार लागते, आणि त्या तारेसाठी ड्रायव्हर. विंडोज प्रोग्रामांचं भाषांतर करतं, पण कर्नलमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरचं करत नाही. तो मुळातच एआरएमसाठी घडवलेला हवा. साठ वर्षांची ही विद्या प्रोसेसर हुबेहूब भासवते आणि एका साध्या तारेपाशी थांबते. रोबोरिओ 2 मध्ये मायक्रोएसडी कार्ड आलं. सिस्टिम कार्डावर लिहून ते आत सरकवलं की तारेचा हा टप्पा टळतो. पहिला रोबोरिओ वापरणाऱ्या संघांना मात्र हंगामाच्या सुरुवातीला त्या कामापुरता कोणाचा तरी इंटेलचा लॅपटॉप मागून आणावा लागतो.