दमसास : लोणावळा ते डब्लिन

मराठीत 'दमसास' हा फार नेमका शब्द आहे. गवयाने लांबलचक तान घेतली की आपण म्हणतो, "काय दमसास आहे!" कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम तुटला की तो बाद. अंगमेहनतीने शरीर कमावतात तसा श्वासही कमावता येतो, हे आपल्या भाषेलाच ठाऊक आहे. पण श्वास कमावतो म्हणजे नेमके काय होते? हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणारा एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. इथे डब्लिनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा, गुजरातेतील डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले आणि खानदेशात अमळनेरला अध्यापन केले. आखाडा, योग आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या, त्याचे फळ म्हणजे १९२४ साली लोणावळ्यात उभे राहिलेले कैवल्यधाम. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनपत्र सुरू झाले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले आणि आतला दाब यंत्राने मोजला. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, असे ते म्हणाले नाहीत. आणि जुने म्हणून खोटे, असेही नाही.

प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य आजही आपल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी म्हणतेच. कुवलयानंदांना ते मान्य नव्हते. त्यांचा निष्कर्ष असा, की प्राणायामाच्या त्या काही मिनिटांत ऑक्सिजनची मोठी कमाई होत नाही. खरा लाभ आहे तो श्वसनयंत्रणेला मिळणाऱ्या शिक्षणाचा. ती एकदा तयार झाली, की दिवसाचे उरलेले सगळे तास आपले काम अधिक चांगले करते. आजचे शरीरशास्त्रही पहिल्या भागाला दुजोराच देते. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्त स्वस्थ बसलेले असतानाही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी किती ओतणार?

अमेरिकेशी या कामाचा धागाही जुना आहे. मूळचे केरळचे कोवूर बेहनन हे येल विद्यापीठाचे अभ्यासक १९३० च्या दशकात लोणावळ्यात राहून योग शिकले आणि परत येऊन त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. त्यांचे पुस्तक १९३७ साली निघाले. उज्जायी करताना शरीराचा ऑक्सिजनचा वापर सुमारे २४.५ टक्के वाढतो, भस्त्रिकेत १८.५ आणि कपालभातीत १२ टक्के, असे त्यांनी नोंदवले. वापर वाढतो, पण बेताचाच. धावताना तो कितीतरी पटींनी वाढतो.

मग श्वसनाच्या स्नायूंची तालीम म्हणजे काय? बरगड्यांमधले स्नायू आणि छाती-पोटाच्या मधला पडदा, हे दंड-मांड्यांसारखेच स्नायू आहेत. १९७६ साली डेव्हिड लीथ आणि मार्क ब्रॅडली यांनी निरोगी माणसांकडून पाच आठवडे ही तालीम करून घेतली. ज्यांनी ताकदीचा व्यायाम केला त्यांच्या श्वसनस्नायूंची ताकद सुमारे ५५ टक्क्यांनी वाढली. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अतिश्रमात हा पडदाही थकतो, आणि श्वासाचे काम फार वाढले की पायांकडे जाणारे रक्त कमी होते. म्हणजे दम लागतो तेव्हा पायही जड होतात, त्याचे एक कारण छातीत असते.

आता आपल्या गावाविषयी. आयर्न हॉर्स ट्रेलवर संध्याकाळी फिरताना क्रॉस-कंट्रीचा सराव करणारी मुले भेटतात. माझी मुलगीही त्यांच्यातलीच. तोंडात धरून अडथळ्यातून श्वास ओढायचे ते छोटे उपकरण तिने आणले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, "हे तर आमचे उज्जायीच!" मुलगी म्हणाली, "आजी, हे सायन्स आहे."

मला वाटते, दोघींनाही कुवलयानंद भेटायला हवेत. उज्जायीत घशाशी वाट अरुंद होते हे खरे, पण उपकरणातला अडथळा कितीतरी मोठा असतो. साधारण रीत अशी, की आपल्या कमाल ताकदीच्या निम्म्या जोरावर तीस श्वास, दिवसातून दोनदा. दोन्ही एकच म्हणणे ही फुशारकी झाली. उलट उपकरणही जादूचे नाही. काही चाचण्यांत वल्हवणारे आणि सायकलपटू थोडे वेगवान झाले, काहींत फरक दिसला नाही, आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सहसा वाढत नाही. धावण्याला पर्याय धावणेच. दम्याच्या मुलाने पंप सोडू नये, आणि रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर कपालभातीआधी डॉक्टरांना विचारावे.

आमच्या घरी शेवटी वही निघाली. रविवारी एक मैल धावायचे, वेळ लिहायची, किती दम लागला ते दहापैकी गुण देऊन लिहायचे. आजी प्राणायामानंतरची नाडी लिहिते. आकडे अजून कोणाच्याच बाजूने बोलत नाहीत, पण वाद मात्र शांत झाला आहे. 'आमच्याकडे सगळे आधीच होते' हे वाक्य मुलांना पटत नाही, आणि का पटावे? 'आमच्याकडे एकाने मोजून पाहिले होते' हे मात्र त्यांना लगेच कळते. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या हाती द्यायला याहून चांगला वारसा मला तरी सुचत नाही.