रंगपटाच्या दाराशी

नाटकाचा इतिहास सांगणारे बहुधा पडद्यापुढचाच इतिहास सांगतात. नाटक कोणी लिहिले, पदे कोणी गायिली, पहिला प्रयोग कोठे आणि कोणत्या साली झाला, याची टिपणे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ती असावयासही हवीत. परंतु पडदा पडल्यावर एक लहानसा प्रवेश अद्याप उरलेला असतो. मंडळी पुढच्या दाराने बाहेर पडू लागली की त्यांतील काहीजण वळसा घालून इमारतीच्या मागे जातात. तेथे एक दार असते. दाराच्या आत नट तोंडावरचा रंग पुसत असतो. बाहेर त्याचे चाहते तिष्ठत असतात. या दाराशी चाहत्याने कसे वागावे, नटाने कसे वागावे, याचाही एक इतिहास आहे आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. पण रंगभूमीवर कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा मोठा प्रश्न पुष्कळदा याच दाराशी सुटला किंवा अडला आहे.

आपल्या परभणीच्या मुलखात कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये पूर्वी असे दार नव्हतेच. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. गोदाकाठच्या या भागात कीर्तन ही लोकांची नित्याची करमणूक आणि नित्याची शाळाही. कीर्तन संपून आरती झाली की श्रोते पुढे होऊन बुवांच्या पाया पडतात. बुवा वयाने लहान असले तरी वडीलधारी माणसेसुद्धा वाकतात. कारण तो नमस्कार नारदाच्या गादीला आहे, अशी सर्वांची समजूत असते. गोंधळाचेही तसेच. परभणीच्या राजारामबापू कदमांनी ज्या कलेला महाराष्ट्रभर मान मिळवून दिला, ती कला मुळात यजमानाच्या अंगणात उभी राहणारी. गोंधळी घरी येतो तो देवीचा सेवक म्हणून. त्याला जेवू घालतात, दक्षिणा देतात, आणि ते सारे देवीच्या नावाने होते.

तिसरी रीत दर्ग्यातली. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी भरतो आणि सर्व जातिधर्मांचे लोक त्यास जातात. सूफी परंपरेतील कव्वालीच्या जुन्या मैफलींत एक नियम मोठ्या कसोशीने पाळला जाई. एखाद्या ओळीने श्रोत्याचे मन भरून आले आणि कव्वालास काही द्यावेसे वाटले, तर तो उठून पैसे थेट कव्वालाच्या हाती देत नसे. मैफलीचे जे वडील, त्यांच्यापुढे तो अदबीने नजर ठेवी. त्यांच्या हातून ती कव्वालाकडे जाई. चौथी रीत तमाशातल्या दौलतजाद्याची. येथे मधे कोणी नाही. ज्याच्या हाती पैसा, त्याने तो वर धरावा, नाचणारीने पुढे येऊन तो घ्यावा, देणाऱ्याचे नाव पुकारले जावे आणि त्याच्या फर्माइशीची लावणी व्हावी.

या चार रीती शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या तिन्हींत रसिक आणि कलावंत यांच्यामध्ये काहीतरी उभे आहे: कोठे गादी, कोठे देवी, कोठे मैफलीचा वडील. रसिकाचे प्रेम कलावंतापर्यंत पोचते, पण त्या प्रेमाचा हक्क होत नाही. दौलतजाद्यात मात्र प्रेमाची किंमत ठरते, आणि एकदा किंमत मोजली की मोजणारा आपला हक्क सांगू लागतो. तमाशातल्या कलावतींनी या हक्काचा जाच किती पिढ्या सोसला, हे निराळे सांगावयास नको. त्यात दोष त्या कलेचा नव्हता; तिला दार कोणी बसवून दिले नाही, एवढेच.

आता नाटकाकडे येऊ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवर केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजाश्रयाच्या नाटकात नटाचा धनी एकच असतो. त्याने शेला दिला तर घ्यावा, बोलाविले तर जावे. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकिटे लावून खेळ केले. तिकीट ही गोष्ट आपण व्यापारातली समजतो. परंतु तिने नटाला फार मोठे स्वातंत्र्य दिले. धनी एक होता तो शेकडो झाला, आणि शेकडोंपैकी कोणालाच ‘हा माझा नट’ असे म्हणता येईना. प्रेक्षकाने दाम पुढच्या खिडकीवर मोजला; त्याचा मोबदला त्याला पडद्यापुढे मिळाला; देणेघेणे तेथेच फिटले. मागच्या दाराशी तो उभा राहतो तेव्हा त्याचे काही येणे उरलेले नसते. रंगपटाच्या शिष्टाचाराचे सारे मूळ या एका हिशेबात आहे.

१८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यास किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले आणि नाटक मंडळ्यांचा सुवर्णकाळ सुरू झाला. या मंडळ्या म्हणजे फिरती कुटुंबेच. एका बिऱ्हाडात राहणे, एका पंगतीला जेवणे, पडदे, पेट्या आणि मुलेबाळे घेऊन एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाणे. रेल्वेने ही फिरती सोपी केली. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेला लोहमार्ग जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड असा सिकंदराबादेपर्यंत गेला, आणि निजामी अमलातली आपली गावे बाहेरच्या मराठी मुलखाशी जोडली गेली. लहान गावी नाटकगृह म्हणजे मांडव आणि कनाती. रंगपट आणि रस्ता यांच्यामध्ये कापडाचा एक पडदा, एवढेच काय ते दार. जेथे भिंत नसते तेथे रीतच भिंतीचे काम करते.

त्या रीतीची गरज कोणाला होती? सर्वांत अधिक, स्त्रीपार्टी मुलांना. बारा-चौदा वर्षांची, घरापासून दूर आलेली ही मुले रात्री शकुंतला किंवा सुभद्रा होऊन उभी राहत. प्रेक्षकांत सरदार, सावकार, अंमलदार असत. कोणास फुकटचा पास हवा असे, कोणास रंगपटात खुर्ची, कोणास ‘त्या मुलाला’ आपल्या वाड्यावर जेवावयास न्यावयाचे असे. नाटक्या हा शब्द त्या काळी शिवीसारखा वापरला जाई, तो काही सगळाच अकारण नव्हे. आणि त्या नावाला जो डाग होता तो पुष्कळसा या मागच्या दाराने आलेला होता. चांगल्या चालकांनी म्हणूनच रंगपटाला शिस्त लावली. मुले बिऱ्हाडातच राहावयाची, वडील नटांच्या नजरेखाली. ‘बाहेरच्या माणसास आत मज्जाव’ या पाटीमागे नटाचा तोरा नसून एका पोराची अब्रू होती, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले ते याच शिस्तीत. पुढे त्यांच्या लोकप्रियतेला सीमा राहिली नाही. त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची तऱ्हा घरंदाज बायका उचलीत. पण चाहत्यांची ही हौस व्यक्त झाली ती पडद्यापुढे, ‘वन्स मोअर’च्या रूपाने. एका पदाला पुन्हापुन्हा मागणी होई आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. वन्स मोअर हा आपल्या रसिकांनी घडविलेला शिष्टाचार आहे, असे मी समजतो. मागावयाचे ते सर्वांच्या देखत मागावे, मिळावयाचे ते सर्वांना मिळावे.

१९११ च्या १२ मार्चला मुंबईस मानापमानाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला आणि त्यांनी भामिनी उभी केली. ही हकीकत आपण कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. पण ती दाराच्या बाहेरच्या माणसालाही काही सांगते. आतला माणूस कोणत्या मनःस्थितीत रंग पुसतो आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. दार लोटलेले असते ते एवढ्यासाठीच. बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणत. आपण तो शब्द मोठ्या अभिमानाने मिरवितो. परंतु मायबाप म्हटले की लेकराला विश्रांती हवी आहे, हेही ओळखणे आले.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. जपानात काबुकी नाटकांतून स्त्रियांना १६२९ साली बंदी झाली. कारण असे, की प्रेक्षकांतील धनिक नटींच्या मागे लागत आणि मारामाऱ्या होत. स्त्रियांच्या जागी किशोर आले. त्यांच्याही बाबतीत तेच घडले आणि १६५२ साली त्यांनाही बंदी झाली. पुढे १७१४ साली एजिमा नावाची शोगुनच्या अंतःपुरातील मोठी अधिकारी स्त्री देवदर्शनाहून परतताना नाटकगृहात गेली, इकुशिमा या नटाच्या संगतीत रमली आणि वाड्यावर उशिरा परतली. तिला हद्दपारी, नटाला बेटावर हद्दपारी, आणि यामामुरा-झा हे नाटकगृह कायमचे बंद. मागचे दार नीट न राखल्यामुळे एक अख्खे नाटकगृह गेले. लंडनच्या गेइटी थिएटरच्या मागच्या दाराशी १८९० नंतरच्या वर्षांत श्रीमंत तरुण फुले घेऊन रात्री रांगा लावीत. त्यांतून काही नटींची सरदारघराण्यांत लग्नेही झाली. परंतु ज्यांची लग्ने झाली त्यांचीच नावे इतिहासात राहिली, बाकीच्यांची नाहीत.

या सर्वांच्या उलट एक उदाहरण जपानातच सापडते. आपली गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालची. त्याच वर्षी जपानात ताकाराझुका ही नाटक मंडळी स्थापन झाली. आपल्याकडे स्त्रियांचीही कामे पुरुष करीत. तेथे पुरुषांचीही कामे मुली करतात. तेथील चाहत्यांनी कित्येक दशके एक रीत पाळली. ते नाट्यगृहाबाहेर आपापल्या गटाने ओळीत उभे राहत. नटी आली की खाली बसत, म्हणजे मागच्यांनाही दिसावे. पत्रे हाती देत आणि तिला वाट मोकळी करून देत. कोणी अंगाला हात लावीत नसे. हा नियम सरकारने केलेला नव्हता. चाहत्यांनीच तो एकमेकांना लावून दिला होता.

आता आपल्या घराकडे वळू. १९३३ च्या १ जुलैला ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केली आणि ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी त्यात पुरुष नटांबरोबर भूमिका केल्या. सुशिक्षित घरांतील स्त्रियांना रंगभूमीचे दार उघडले, असे आपण म्हणतो; पण पुढचे दार उघडावयास मागचे दार सुरक्षित असावे लागते. ही गोष्ट मुंबई-पुण्यापेक्षा आपल्यासारख्या गावात अधिक खरी आहे. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे या स्पर्धेची प्राथमिक फेरी परभणीतही होत आली आहे. बी. रघुनाथांच्या नावाच्या सभागृहात आपल्याच गल्लीतील मुली कामे करतात. मुलीने नाटकात काम करावे की नाही, याचा निर्णय घरी आईवडील घेतात, आणि तो घेताना ते नाटकाची संहिता वाचीत नाहीत. तालीम सुटल्यावर, प्रयोग संपल्यावर त्या दाराशी कोण उभे असते, काय बोलते, हे ते पाहतात. तेथे चार टवाळ उभे राहिले तर पुढच्या वर्षी एक नटी कमी होते. तेथे एखादी वडीलधारी बाई पुढे होऊन ‘छान केलेस गं बाई’ एवढेच बोलली, तर कदाचित दोन वाढतात.

काळ बदलला तसे दाराशी उभे राहण्याचे कारणही बदलले. १९६२ साली आलेल्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि १९६६ सालच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकांनंतर डॉ. काशिनाथ घाणेकरांसाठी जी गर्दी लोटू लागली, तीत नाटकापेक्षा नटाचे वेड अधिक दिसू लागले. पुढे सही मागणारे आले; आता हातात मोबाइल घेऊन छायाचित्र मागणारे आले आहेत. सहीला निदान कागद पुढे करून विचारावे लागे. छायाचित्र न विचारताही घेता येते आणि क्षणात सर्वत्र पोचते. अर्धा रंग पुसलेला चेहरा, थकलेली मुद्रा, सोबतचे मूल, काहीच त्यातून सुटत नाही. कापडाच्या कनातीला जी रीत राखीत होती, तिची आज पक्क्या भिंतीला अधिकच गरज आहे.

तेव्हा रीत कोणती? ती आपल्या जुन्या परंपरेतच आहे. नजर थेट हाती देऊ नये, म्हणजे आत निरोप पाठवावा आणि होकाराची वाट पाहावी. नमस्कार गादीला करावा, म्हणजे बोलावे ते कामाविषयी बोलावे, माणसाच्या घरादाराविषयी नव्हे. छायाचित्र घ्यावयाचे तर आधी विचारावे, आणि नकार आला तर तो अपमान मानू नये. नटानेही आपली बाजू सांभाळावी. ज्याला बाहेर यावयाचे नाही त्याने तसे गोड शब्दांत सांगावे. आणि मानवत, जिंतूर, पाथरीहून आलेला प्रेक्षक शेवटची एसटी चुकवून उभा आहे, हे जाणून दोन शब्द बोलता आले तर बोलावे. यांपैकी काहीही कायद्याने करविता येण्यासारखे नाही. टाळ्या जशा आपण आपण होऊन वाजवितो, तसेच त्या दाराशी अदबीने उभे राहणेही आपणच करावयाचे आहे.