बेस गिटारचे बदली पिकअप : निवडीचे निकष आणि त्यांचा इतिहास (१९५१–१९८२)

वाद्यांच्या इतिहासात वाद्य घडविणाऱ्याचा विचार विस्ताराने होतो. परंतु घडून विकल्या गेलेल्या वाद्यात वादकाने पुढे जे फेरबदल केले त्यांचा विचार क्वचितच केला जातो. विद्युत् बेस गिटारच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. ह्या वाद्याचा मूळ पिकअप काढून त्या जागी दुसरा बसविण्याची प्रथा १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झाली आणि लवकरच तिला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. ही निवड वरकरणी केवळ तांत्रिक वाटते. वस्तुतः कोणत्या गुणाला महत्त्व द्यावे, मापन कशाचे करावे आणि ‘मूळ नाद’ म्हणजे काय, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या त्या काळाने निरनिराळी दिली आहेत. ह्या उत्तरांचा क्रम लावणे आणि त्यांतून निवडीचे टिकाऊ निकष कोणते निघतात हे पाहणे, हा ह्या निबंधाचा विषय होय.

(१)

पिकअपचे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचे आहे. स्थायी चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे असते. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः चुंबकित होते आणि ती कंप पावू लागली की वेटोळ्यातील चुंबकीय स्रोत बदलून विद्युत्-दाब निर्माण होतो. जॉर्ज बोशांप ह्यांनी रिकेनबॅकर कंपनीसाठी ह्या तत्त्वावर केलेल्या रचनेस १९३७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याच दशकात सिॲटल येथे पॉल टटमार्क ह्यांनी पडदे असलेला विद्युत् बेस तयार केला होता. परंतु वाद्य म्हणून बेस गिटारचा प्रसार झाला तो लिओ फेंडर ह्यांच्या १९५१ मधील प्रिसिजन बेसपासून.

फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. दुरुस्ती सुलभ असावी हा त्यांच्या रचनेचा पाया होता. दांडी धडाला स्क्रूंनी जोडलेली, पिकअप स्क्रूंनी बसविलेला आणि त्याच्या तारा डाग देऊन जोडलेल्या, अशी ही व्यवस्था होती. बिघडलेला भाग बदलता यावा ह्या हेतूने केलेल्या ह्या रचनेमुळेच वीस वर्षांनी, न बिघडलेला भागही केवळ आवडीखातर बदलणे शक्य झाले. बदली पिकअपच्या इतिहासाचा आरंभ म्हणून त्या व्यवसायाच्या स्थापनेत नसून मूळ वाद्याच्या रचनेतच आहे, असे म्हणावे लागते.

आकार ठरले तेही ह्याच दशकात. १९५७ मध्ये प्रिसिजन बेसला दुभागलेला पिकअप मिळाला. त्याचा एक अर्ध ई व ए ह्या जाड तारांखाली, दांडीच्या बाजूस, आणि दुसरा डी व जी ह्या तारांखाली, घोडीच्या बाजूस असतो. दोन्ही अर्धांतील चुंबकांचे ध्रुव परस्परविरुद्ध व वेटोळ्यांची जोडणीही विरुद्ध असल्यामुळे तारांचा नाद कायम राहतो. मात्र घरगुती विजेची घरघर, जी अमेरिकेत ६० हर्ट्‌झच्या आणि युरोपात व भारतात ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यामुळे उद्भवते, ती परस्परांत लोप पावते. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र अरुंद पिकअप होते. तेथे घरघर लोपते ती दोन्ही पिकअप सारख्या जोराने चालू असतानाच; एकटा पिकअप चालू ठेवल्यास ती ऐकू येते. शिवाय त्या दोहोंची लांबी सारखी नसून दांडीकडचा काही मिलिमीटरांनी आखूड असतो. हे दोन आकार पुढे अनेक कारखान्यांनी उचलले. त्यामुळे कोणीही केलेला पिकअप कोणाच्याही वाद्यात बसू शकेल अशी स्थिती निर्माण झाली. गिब्सनच्या बेसवरील रुंद पिकअपांना अशी सर्वमान्यता लाभली नाही.

(२)

बदली पिकअपची मागणी उत्पन्न होण्यास तीन कारणे एकत्र आली. पहिले कारण मंचावरील आवाजाचे. १९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीने ३०० वॉटचा एसव्हीटी हा वर्धक बाजारात आणला. मोठ्या सभागृहांत वाजविणाऱ्या वादकास क्षीण व गोल नाद अपुरा वाटू लागला. दुसरे कारण तारांचे. १९६० नंतरच्या दशकात गोल वेष्टनाच्या तारा प्रचारात आल्या आणि पूर्वीच्या सपाट वेष्टनाच्या तारांत न उमटणारे वरचे स्वरांश ऐकू येऊ लागले. तिसरे कारण उत्पादनाविषयीच्या असमाधानाचे. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसकडे गेली, आणि त्यानंतरच्या वाद्यांपेक्षा आधीची वाद्ये सरस, असे मत वादकांत बळावत गेले.

लॅरी डिमार्झिओ ह्यांनी १९७२ च्या सुमारास गिटारसाठी अधिक जोमदार पिकअप विकण्यास प्रारंभ केला. सेमूर डंकन ह्यांची कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथील कंपनी १९७६ ची. दोघांनीही लवकरच बेसकडे लक्ष वळविले. डिमार्झिओचा ‘मॉडेल पी’ सिरॅमिक चुंबकांचा होता, तर डंकनच्या ‘क्वार्टर पाउंड’मध्ये अल्निकोचे ध्रुवदंड नेहमीपेक्षा जाड, पाव इंच व्यासाचे, घातले होते. साधने वेगळी असली तरी उद्दिष्ट एकच : अधिक दाब, अधिक भरदार नाद.

ह्याच काळात दुसराही मार्ग खुला झाला होता. अलेम्बिक कंपनीने आणि १९७६ नंतर म्यूझिक मॅनच्या स्टिंगरे ह्या वाद्याने विजेरीवर चालणारे लहान वर्धक वाद्यातच बसविले. अशा सक्रिय मंडलात पिकअप पुढील जोडतारेपासून विलग राहतो. निष्क्रिय मंडलात तसे होत नाही. तेथे पिकअप, बहुधा २५० किलोओमचे नियंत्रक, नादाचे धारित्र आणि वर्धकापर्यंतची तार, ही सर्व मिळून एकच मंडल बनते. म्हणून निष्क्रिय वाद्यात पिकअप बदलणे म्हणजे एक सुटा भाग बदलणे नसून संपूर्ण मंडलाचा तोल बदलणे होय.

(३)

विक्रेत्यांच्या पत्रकांतून आणि वादकांच्या चर्चेतून पिकअपची ओळख एका आकड्याने होऊ लागली : त्याचा एकदिक् रोध. प्रिसिजनच्या मूळ पिकअपचा रोध सुमारे १० ते ११ किलोओम आणि जॅझ बेसच्या प्रत्येक पिकअपचा सुमारे ७ ते ८ किलोओम असतो. आकडा मोठा म्हणजे पिकअप जोमदार, असा समज ह्यातून दृढ झाला. तो अंशतःच खरा आहे. एकाच जाडीच्या तारेचे अधिक वेढे दिल्यास रोधही वाढतो व दाबही वाढतो. परंतु वेढे तितकेच ठेवून तार बारीक केली, तर दाब विशेष न वाढता रोध मात्र वाढतो. चुंबक बदलला तर रोध तोच राहून नाद बदलतो. रोध मोजावयास सोपा म्हणून तो निकष झाला. नादाचे खरे कारण म्हणून नव्हे.

नादाचा रंग ठरतो तो प्रामुख्याने वेटोळ्याची प्रवर्तकता आणि जोडतारेसह मंडलाची धारिता ह्यांच्या अनुस्पंदनाने. ह्या अनुस्पंदनाच्या कंप्रतेजवळचे स्वरांश उठून दिसतात आणि त्यावरचे झपाट्याने क्षीण होतात. वेढे वाढविले की प्रवर्तकता वाढते आणि अनुस्पंदन खाली उतरते. म्हणजे जोम मिळविताना स्पष्टता गमवावी लागते. लांब जोडतारेनेही तेच घडते. नियंत्रकाचे मूल्य २५० वरून ५०० किलोओम केल्यास अनुस्पंदनाचे शिखर अधिक टोकदार होते. १९७० नंतरच्या दशकातील अनेक वादकांनी ‘अधिक जोम’ आणि ‘अधिक स्पष्टता’ ही दोन्ही वरदाने एकाच पिकअपकडून मागितली. निष्क्रिय मंडलात ती एकत्र मिळणे कठीण होते.

पिकअपची जागा ही आणखी एक बाब. तारेचा कोणता बिंदू ऐकला जातो ह्यावर स्वरांशांचे प्रमाण अवलंबून असते. फेंडरने १९७० नंतर जॅझ बेसचा घोडीकडचा पिकअप सुमारे एक सेंटिमीटर घोडीजवळ सरकविला आणि नाद अधिक तिखट झाला. हा फरक पिकअप बदलून भरून निघत नाही. कारण तो लाकडात कोरलेला आहे.

ह्या विवेचनास जेम्स जेमर्सन ह्यांचे उदाहरण पूरक आहे. डेट्रॉइट येथील मोटाऊनच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा १९६२ चा प्रिसिजन बेस आहे तसाच वाजत असे. जुन्या सपाट वेष्टनाच्या तारा, घोडीजवळ फोमचा तुकडा आणि एकाच तर्जनीचा आघात, एवढ्यावर त्यांनी आपला नाद घडविला. ह्यावरून पिकअपला महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तथापि त्याला दिलेले कारणत्व बहुतेक वेळा तारा, आघात आणि पिकअपची उंची ह्यांत वाटून द्यावे लागते, एवढे निश्चित. पिकअप तारेच्या फार जवळ आणल्यास चुंबकाच्या ओढीने जाड तारेचा स्वर डळमळतो, आणि हा दोष पुष्कळदा पिकअपच्याच माथी मारला जातो.

(४)

१९८२ मध्ये फेंडरने १९५७ व १९६२ च्या प्रिसिजनची आणि १९६२ च्या जॅझ बेसची प्रतिरूपे बाजारात आणली. दहा वर्षांपूर्वी जुन्या नादापासून दूर जाण्यासाठी पिकअप बदलले जात होते; आता त्या नादाकडे परतण्यासाठी बदलले जाऊ लागले. बदली पिकअपचे उत्पादकही जुन्या नमुन्यांच्या नकला करू लागले. ज्यांनी मूळ पिकअप काढून टाकले होते त्यांनाच त्यांची नक्कल विकत घ्यावी लागली, हा ह्या इतिहासातील बोधप्रद भाग आहे.

ह्यात इतिहासाभ्यासकाचे नुकसान अधिक. नियंत्रकांवर उमटविलेल्या संकेतांकांवरून त्यांच्या निर्मितीचे वर्ष व आठवडा कळतो. काही जुन्या फेंडर पिकअपांच्या तळाशी तारीख आढळते. न हललेला डाग हा स्वतःच एक पुरावा असतो. पिकअप बदलताना हे सर्व नाहीसे होऊ शकते. प्रिसिजन बेसमध्ये जॅझचा पिकअप घालण्यासाठी धड कोरले गेले असेल, तर ती हानी कायमची असते.

ह्या साऱ्यावरून निवडीचा पुढील क्रम सिद्ध होतो. प्रथम तक्रार नेमकी कशाची आहे ते ठरवावे, आणि तारा, उंची, नियंत्रक व जोडतार ह्यांनी ती दूर होते काय हे पाहावे. त्यानंतर आकार, लांबी व तारांमधील अंतर जुळवावे. रोधाबरोबर प्रवर्तकता व चुंबकाचा प्रकार विचारात घ्यावा. जॅझ बेसमध्ये शक्यतो जोडी एकाच उत्पादकाची घ्यावी. अन्यथा ध्रुव व वेढ्यांची दिशा न जुळल्यास घरघर कायम राहते, किंवा दोन्ही पिकअप एकत्र लावताच खालचा नाद पोकळ होतो. शेवटी, बदल असा करावा की तो उलटविता येईल, आणि काढलेला भाग वाद्याबरोबर जपावा. १९५१ च्या रचनेने वादकास भाग बदलण्याचे स्वातंत्र्य दिले. तीच रचना काढलेला भाग पुन्हा जागी बसविण्याचीही सोय देते. पहिल्या सोयीचा उपयोग पुष्कळांनी केला, दुसरीचे मोल मात्र उशिरा ध्यानी आले.