दरवेशी आणि त्याचे अस्वल

स्यमंतक मण्याच्या शोधात निघालेला श्रीकृष्ण जांबवंताच्या विवरात शिरला, तेव्हा तो अमोल मणी त्या ऋक्षराजाच्या पोराचे खेळणे झालेला त्याच्या दृष्टीस पडला, असे भागवतकार सांगतात. पुढे 28 दिवस चाललेले द्वंद्व गणेशचतुर्थीच्या कथेत आपण भक्तिभावाने ऐकतो, परंतु लेकराचे असे लाड पुरविणाऱ्या त्या पित्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या तेलगावच्या आसपासच्या बालाघाटी मुलखात जांबवंताचा हा वंशज लोकांना ठाऊक झाला तो बहुधा दरवेश्याच्या दोरीला बांधलेला. निजामी अंमलातील फिरस्त्यांप्रमाणे दरवेश्याने पाटलाच्या कानावर मुक्काम घालावा, चावडीपुढे डमरू वाजवून अस्वलास दोन पायांवर उभे करावे आणि पसा-पसा ज्वारी झोळीत घेऊन पुढचे गाव गाठावे, असा शिरस्ता असे. लेकरू झोपेत दचकू नये म्हणून आया त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवीत आणि अस्वलाचे केस ताइतात घालून त्याच्या गळ्यात बांधीत.

या चालीच्या मुळाशी असलेली वेदना अस्वलाचे रानातले जीवन पाहिल्यावाचून कळत नाही. मादी हिवाळ्यात गुहेत बहुधा एक-दोन पिलांना जन्म देते, आणि पिले गुहेबाहेर पडू लागली की कित्येक महिने त्यांना पाठीवर वाहते. तिच्या खांद्यावरचे लांब, राठ केस म्हणजे पिलांची धरण्याची जागा. दरवेश्याकडे येणारे पिलू बहुधा अशा आईला मारूनच मिळविलेले असे, आणि ज्या पाठीवर त्याची स्वतःची संतती बसावयाची त्या पाठीवर मग गावोगावची लेकरे बसत. लोकांच्या श्रद्धेची मला हेटाळणी करावयाची नाही. त्या आयांच्या मनात मायाच होती. परंतु तिची किंमत एका मुक्या जिवाने भरली, हेही लपविता येत नाही.

अस्वलाचे शरीरच मुळी वाळवीसाठी घडलेले. लांब, वाकड्या नखांनी वारूळ फोडावे, नाकपुड्या मिटून घ्याव्या, फुंकरीने माती उडवावी आणि वरचे पुढचे दोन दात निसर्गतःच नसल्यामुळे राहिलेल्या फटीतून किडे ओढून घ्यावे, हा त्याचा नित्यक्रम. त्या ओढण्याचा आवाज रानात दूरवर ऐकू येतो. मोहाची फुले, जांभळे, बोरे आणि मध हे त्याचे ऋतुमानाप्रमाणे बदलणारे अन्न. दरवेश्याच्या अस्वलाचे मात्र सुळे पाडलेले, नखे छाटलेली आणि तापल्या सुईने भोसकलेल्या नाकातून दोरी ओवलेली असे. म्हणजे ज्या इंद्रियांवर त्याचे पोट चालावयाचे, नेमकी तीच निकामी केलेली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल नाचविण्याचा हा धंदा बेकायदेशीर ठरला, तरी तो मोडावयास आणखी तीन तपे लागली. 2002 साली आग्र्याजवळ सुटका झालेल्या अस्वलांसाठी आश्रयस्थान उघडले, आणि 2009 मध्ये वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अखेरचे नाचविले जाणारे अस्वल ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. दरवेश्याजवळ ना वतन होते ना शेत; म्हणून या संस्थेने अस्वल सोडून देणाऱ्या कलंदर समाजातील कुटुंबांना पर्यायी रोजगारासाठी साहाय्य आणि त्यांच्या मुलांना शिक्षण दिले, ही गोष्ट मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. रानातले अस्वल पाहावयाचे तर आता मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठावे लागते.