बोरघाट आणि रेडिएटरमधलं पाणी

आजचा भाग जुन्या मोटारींच्या लांबच्या प्रवासाबद्दल आहे, आणि तो प्रवास आहे मुंबई ते पुणे. हसू नका. दीडशे किलोमीटरला आज कुणी लांबचा प्रवास म्हणत नाही, हे मलाही माहीत आहे. पण १९२५ सालची एखादी मोटार घेऊन हाच रस्ता धरा. वाशीचा खाडीपूल १९७०च्या दशकातला. म्हणजे तेव्हा ठाण्यावरून, मुंब्र्यावरून पनवेल गाठायचं, तिथून खोपोली. आणि खोपोलीला गाडी थांबवायचीच. कारण समोर बोरघाट उभा. खंडाळ्यापर्यंत दीड हजार फुटांहून जास्त चढ, तोही काही मैलांत.

थांबायचं ते पाण्यासाठी. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपच नसायचा. इंजिनाजवळ तापलेलं पाणी हलकं होऊन वर रेडिएटरमध्ये जातं, तिथे निवतं, जड होऊन खाली येतं. एवढ्याच तत्त्वावर सगळं चालायचं. सपाटीवर हे छान जमतं. घाटात मात्र इंजिन पूर्ण जोर लावतंय, वेग बैलगाडीचा, समोरून वारा नाही, आणि पाणी उकळायला लागतं. मग गाडी कडेला, बॉनेट वर, आणि वाट बघणं. रेडिएटरचं झाकण घाईने उघडलं की हात भाजलाच.

फोर्डच्या मॉडेल टीची तर वेगळीच गंमत. ही गाडी १९०८ ते १९२७ इतकी वर्षं बनत होती. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, आणि पेट्रोल इंजिनाकडे जायचं ते निव्वळ उतारानं. चढ फार खडा असला आणि टाकी अर्धी रिकामी असली की टाकी खाली नि इंजिन वर, पेट्रोल पोचायचंच नाही. उपाय काय? गाडी उलटी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा. जगभर लोक हे करत. रिव्हर्सचा गिअर ताकदीलाही सगळ्यांत दमदार, म्हणजे दुहेरी फायदा.

खरं तर मोटारीला हा धडा पहिल्याच लांबच्या प्रवासात मिळाला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानेच बनवलेल्या गाडीतून जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. शंभरेक किलोमीटर. इंधन वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली, उतारावर ब्रेक इतके झिजले की चांभाराकडून त्यांना चामडं लावून घ्यावं लागलं. परत आल्यावर गाडीला चढासाठी एक जास्तीचा गिअर आला. सपाट रस्त्यावर गाडी फक्त चालते; तिच्यात काय कमी आहे ते घाट सांगतो.

आता आपल्या घाटाकडे. इथून जाणारी वाट दोन हजार वर्षांची तरी आहे. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी मावळात उगाच कोरलेली नाहीत. कोकणातल्या बंदरांवरून वर देशावर जाणारा व्यापार याच पट्ट्यातून जायचा, आणि कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांमध्ये यवनांचीही नावं आहेत. पण ही वाट पायांची होती. माणसं, बैल, घोडी. पाठीवर ओझं घेऊन चढायचं. चाक इथे परकंच.

परकं म्हणजे किती, ते १७७९ साली दिसलं. रघुनाथरावांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. जेमतेम चार हजार शिपाई, आणि सामानाला नि तोफांना एकोणीस हजार बैल! घाट चढून ते खंडाळ्याला आले खरे, पण तिथून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना त्यांना अकरा दिवस लागले. दिवसाला पाऊण मैल. एवढ्या वेळात मराठ्यांनी आजूबाजूची वैरण-धान्य हलवलं, वाटेत छळलं. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं, आणि त्याचं स्थान आजही वडगावला आहे. फौज तळेगावपर्यंत गेली, तिथून मागे फिरली आणि वडगावला शरण आली. वडगावच्या तहाचं श्रेय आपण महादजी शिंद्यांना आणि नाना फडणवीसांना देतो, ते बरोबरच. पण माझं मत विचाराल तर थोडं श्रेय त्या न वळणाऱ्या चाकांनाही द्यावं.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हे दुखणं मुळातूनच काढलं. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. काम अजून पुरतं संपलं नव्हतं, तरी तो स्वतः घोडागाड्यांचा ताफा घेऊन घाट उतरला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत पडली, असा त्याचा सूर होता. अभिमान समजण्यासारखा आहे. पण लक्षात घ्या, ही वळणं आखली ती घोडा आणि बैल डोळ्यांपुढे ठेवून. पुढे मोटारी आल्या त्या याच आखणीवर चढल्या. ज्याला आपण ‘जुना हायवे’ म्हणतो त्याचा सांगाडा घोडागाडीचा आहे.

पुढे रेल्वे आली. १८५६ ते १८६३, पंचवीस बोगदे, सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्याच वारला, आणि काम त्याची बायको ॲलिस हिने पुढे चालवलं. एकेका वेळी चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते. ॲलिसचं नाव आपल्याला ठाऊक आहे, त्या चाळीस हजारांतलं एकही नाही.

म्हणूनच मला शिंग्रोबाची गोष्ट महत्त्वाची वाटते. जुन्या रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. कथा अशी की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने आपली जनावरं जातात ती वाट दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. हा म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. मग त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट रस्त्याची सांगतं, कुणी रेल्वेची. आता, दोन हजार वर्षं वापरातली वाट कुणी ‘दाखवायची’ गरज नव्हती, असं कागदावर म्हणता येईल. पण वाट असणं वेगळं आणि चाकाला झेपेल असा उतार कुठल्या अंगाने मिळेल हे कळणं वेगळं. ते रोज डोंगरात जनावरं फिरवणाऱ्यालाच कळणार. त्यामुळे कथेचा तपशील काही असो, तिच्यात जे ज्ञान धनगराच्या नावावर जमा केलंय ते तिथेच जमा राहावं.

ड्रायव्हर लोकांनी हे बरोबर ओळखलं. देवळापाशी गाडी हळू करायची, नाणं टाकायचं, हात जोडायचे. १९२८ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या शिवडीला जोडल्या जाऊ लागल्या, १९५०च्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट निघू लागल्या, आणि तसा हा भाविकवर्गही वाढला. फियाटला पंप होता, पण पेट्रोलच्या नळीत वाफ धरायची, गाडी आचके देऊन बंद पडायची. मग पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. उतरताना नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर विसंबायचं नाही. क्लीनर हातात दगड घेऊन तयार. वर पोचलं की लोणावळ्याला चहा, चिक्की, आणि तोवर इंजिन निवायचं. लोणावळ्याच्या बाजारपेठेवर त्या उकळत्या रेडिएटरांचे फार उपकार आहेत, असं मला गमतीनं वाटतं.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि हे थांबणं संपलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, घाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. बामच्या जाहिरातीवरून पडलेलं ते नाव. त्याच्या खांबांपाशी वाहनं अडत, अपघात होत. पाडायला नको होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचे चार दगड आणि एक पाटी बाजूला लावायला काय हरकत होती?

गाड्यांचं नशीब त्या मानाने बरं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे मुंबईहून पुण्याला सहज मामाकडे जायचं तर विंटेज गाडी नाही. रॅली असली तर चालेल.

तशी एखादी रॅली निघाली, तर आयोजकांना माझी विनंती: द्रुतगती मार्गाचा मोह टाळा, जुन्या रस्त्याने या. खोपोलीला पाणी भरा, जास्तीचे दोन कॅन डिकीत ठेवा, चढावर एकमेकांत अंतर सोडा म्हणजे पुढची थांबली तर मागचीला थांबावं लागणार नाही. शिंग्रोबापाशी गाड्या कडेला घ्या. इंजिनं तशीही तापलेलीच असतील.

पुढच्या भागात याच घाटातल्या रेल्वेकडे वळू: गाडी मधेच थांबून उलट्या दिशेने का निघायची, आणि १९२९च्या सुमारास ते कसं बंद झालं, त्याबद्दल. भेटू.