संस्थानाश्रय ते लिलाव : क्रिकेटपटूच्या संघनिवडीच्या अधिकाराचा इतिहास

करार संपल्यानंतर खेळाडूने स्वेच्छेने कोणत्याही संघाशी बोलणी करावीत, या अधिकारास व्यावसायिक क्रीडाजगतात ‘फ्री एजन्सी’ म्हणतात. अमेरिकन बेसबॉलमध्ये करार संपला तरी खेळाडू त्याच संघास बांधलेला राही. इ.स. १९६९ मध्ये कर्ट फ्लड यांनी परस्पर केलेली आपली बदली नाकारली. १९७२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले. परंतु डिसेंबर १९७५ च्या लवादाच्या निवाड्याने ते बंधन तुटले. युरोपीय फुटबॉलमध्ये १९९५ च्या बोस्मन निकालाने हेच कार्य केले. भारतीय क्रिकेटमध्ये पैसा आला. हा अधिकार मात्र त्यासोबत आला नाही.

संस्थानी काळाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. सांगलीचे विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि १९४१ पासून ते बडोद्याकडूनच खेळू लागले! पुढे १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासमवेत ५७७ धावांची भागीदारी रचली. नागपूरचे सी. के. नायडू त्यापूर्वीच इंदूरच्या होळकरांच्या आश्रयास गेले होते. संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या या आश्रयास स्वातंत्र्य म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि आपण कोणाच्या दारी जात आहोत, हे खेळाडूस ठाऊक असे. संस्थाने विलीन झाल्यावर रेल्वे, बँका व कंपन्यांच्या नोकऱ्यांनी खेळाडूंचा चरितार्थ चालविला.

फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. महेंद्रसिंग धोनी यांना चेन्नईने १५ लाख डॉलरला घेतले. लिलावात खेळाडू आपली आधारभूत किंमत नोंदवू शकतो. कोणत्या संघात जायचे, हे तो सांगू शकत नाही. रवींद्र जडेजा यांनी राजस्थान संघाशी नवा करार न करता अन्य संघाशी बोलणी चालविल्याचा ठपका ठेवून २०१० च्या हंगामासाठी त्यांच्यावर बंदी घालण्यात आली. ज्या कृतीला अन्यत्र हक्क म्हणतात, ती येथे शिस्तभंग ठरली. पुढच्याच वर्षी कोची संघाने त्यांच्यासाठी ९.५ लाख डॉलर मोजले. लिलावात निवड झाल्यावर माघार घेणाऱ्या इंग्लंडच्या हॅरी ब्रूक यांनाही २०२५ मध्ये दोन हंगामांची बंदी सोसावी लागली.

भारताकडून न खेळलेल्या देशी खेळाडूंची कथा अधिक विलक्षण आहे. २०१३ पर्यंत ते लिलावात नसत. संघ त्यांच्याशी थेट करार करीत, परंतु मानधनास १० ते ३० लाख रुपयांची मर्यादा होती. म्हणजे निवड होती, मोल नव्हते. २०१४ पासून ते लिलावात आले. मोल वाढू शकले, निवड गेली. नेमक्या त्याच वर्षी जालना जिल्ह्याचे विजय झोल भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे विश्वचषकातील कर्णधार होते. १९ वर्षांखालील महाराष्ट्र संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करणारा हा फलंदाज लिलावातून बंगलोर संघात गेला. राजूर-भोकरदन भागातील उद्याचा एखादा खेळाडूही त्याच मार्गाने जाईल. कोणत्या शहराचा गणवेश अंगावर चढणार, हे त्यालाही बोली संपल्यावरच कळेल.